सीटखालचा तीन पायांचा गडी

माझ्या मामेभावाची मालवाहू ई-रिक्षा दिवाळीआधी दारव्हा रोडवर उभी राहिली, ती एकोणीस दिवस उभीच होती. गुरांच्या ढेपेची पोती भरून निघाला होता. परवानगी पाचशे किलोची, भरलं होतं आठशेच्या आसपास. तो हे कबूल करत नाही, पण पोती मी मोजली होती. चढावर बारीकसा ‘फट्’ असा आवाज झाला, जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि गाडी थांबली. बॅटरी भरलेली, मोटर शाबूत. गेला होता तो कंट्रोलर, म्हणजे सीटखाली असते ती जेवणाच्या डब्याएवढी पेटी. कंपनीच्या माणसाला फोन लावला की एकच उत्तर, “वरून माल आला नाही.”

त्याच दिवसांत टीव्हीवर बातमी चालू होती की हॉलंडमधल्या एका चिप कंपनीच्या भांडणामुळे जगभरचे गाड्यांचे कारखाने अडले आहेत. त्याच्या कंट्रोलरचा उशीर त्या भांडणामुळे झाला असं मी म्हणत नाही. बहुधा तो कुठल्या तरी गोदामातला नेहमीचा आळस होता. पण मामेभावाने मला धरलंच. “तू एवढं वाचत असतं, मंग सांग. चिप मोबाइलात असते. माह्या रिक्षात कायले पाह्यजे? अन् पाह्यजे तं ते आपल्या इथं काहून बनत नाही?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या तासात देता येतं. दुसऱ्याला जरा वेळ लागतो.

## पेटी उघडली तेव्हा

आमच्या तालुक्याला एक मिस्त्री आहे. आधी पंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करायचा, आता सौर पंपांचे कंट्रोलर आणि ई-रिक्षा बघतो. कंपनीची वाट बघून कंटाळलो आणि पेटी त्याच्याकडे नेली. त्याने झाकण काढलं. आत हिरवा बोर्ड, त्यावर बॅटरीच्या सेलसारखे उभे कपॅसिटर आणि कडेला ॲल्युमिनियमच्या पट्टीवर रांगेने आवळलेले अठरा काळे तुकडे. प्रत्येक तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा, तीन पायांचा, पाठीला चकचकीत पत्रा. त्यातल्या एकाच्या पोटाला मिरीएवढं भोक पडलं होतं आणि भोवती काजळी धरली होती.

“हा मॉस्फेट,” मिस्त्री म्हणाला. “एक मेला की बाकीच्यायचं कंबरडं मोडते. बदलाचे तं सगळेच बदला.”

मॉस्फेट म्हणजे विजेनेच चालू-बंद होणारं बटण. त्यात हलणारा भाग एकही नाही. एका पायाला हलकासा इशारा दिला की उरलेल्या दोन पायांमधून मोठा प्रवाह सुटतो, इशारा काढला की बंद. त्या काळ्या प्लॅस्टिकच्या आत सिलिकॉनचा एक चपटा तुकडा असतो, तुरीच्या डाळीएवढा. तीच ही चिप.

सगळे का बदलायचे, हेही तिथेच समजलं. तीन-तीन मॉस्फेट एकमेकांना जोडून एकाच ओझ्याला लावलेले असतात. त्यातला एक जरा जास्त मोकळ्या हाताचा निघाला तर प्रवाह त्याच्याकडेच जास्त धावतो. बैलजोडीत एक चलाख आणि एक ढिला असला की जू वाकडं होतं, तसं. आमच्या मिस्त्रीने पहिल्यांदा काटकसर म्हणून जुन्या बोर्डातून काढलेला एक मॉस्फेट लावून बघितला होता. गाडी मारोतीच्या देवळापर्यंत गेली.

## रात्रीचं पाणी ओलणारा गडी

बॅटरीतून वीज एकाच दिशेने येते. मोटर फिरायला मात्र तीन तारांमधून पाळीपाळीने वीज द्यावी लागते. रिक्षाच्या मोटरला पिवळी, हिरवी आणि निळी अशा तीन जाड तारा असतात, त्या याचसाठी. शेतातल्या थ्री फेज मोटरचं तत्त्व हेच. फरक इतका की शेतात महावितरण तीन फेज पाठवतं आणि गाडीत ते आपल्याला घरीच तयार करावे लागतात.

रात्रीची लाइन असताना ओलीत कसं चालतं आठवा. दांडाने पाणी येतं, गडी फावडं घेऊन उभा. ही सरी भरली की माती ओढून ती बंद करायची, पुढची फोडायची. मॉस्फेट हाच गडी. फक्त हा सेकंदाला दहा-वीस हजार वेळा फावडं मारतो आणि तंबाखूला थांबत नाही. आपण ॲक्सलेटर पिळतो तेव्हा खरं तर त्याला सांगतो की दार किती वेळ उघडं ठेव आणि किती वेळ बंद.

पाणी वाया दोन ठिकाणी जातं. दांडातून वाहताना काही जमिनीत मुरतं. सरी बदलताना, दार अर्धवट उघडं असतं त्या क्षणी, काही इकडेतिकडे सांडतं. मॉस्फेटमध्येही असंच आहे. चालू असताना थोडी वीज मुरते, चालू-बंद होताना थोडी सांडते. वाया गेलेल्या या विजेची उष्णता होते. म्हणून पाठीला पत्रा आणि पत्र्याला ॲल्युमिनियम. साध्या सिलिकॉनची चिप आतून दीडशे ते पावणेदोनशे अंशांच्या पुढे गेली की मरते. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे हवाच पंचेचाळीसच्या वर, त्यात सीटखालची बंद पेटी आणि वर आठशे किलो ढेप. गड्याने तरी किती सोसावं?

ज्यांच्या शेतात सौर पंप बसला आहे, त्यांच्या धुऱ्यावरही हाच प्रकार उभा आहे. पॅनलची वीज बॅटरीसारखीच एका दिशेची, ती फिरवून मोटरला द्यायचं काम पंपाच्या कंट्रोलरमधल्या चिपा करतात. तिथे व्होल्टेज जास्त असल्याने मॉस्फेटचा थोरला भाऊ लागतो. त्याचं नाव आयजीबीटी. काम तेच, छाती मोठी. म्हणजे विजेवरच्या गाडीचा प्रश्न ज्याला परका वाटतो, त्याच्याही ओलिताचा जीव त्याच साखळीत अडकलेला आहे. महाराष्ट्रात असे पंप आता लाखांत आहेत.

## मेंदूची चिप आणि मनगटाची चिप

बातम्यांत ‘इतक्या नॅनोमीटरची चिप’ असं ऐकू येतं. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मोबाइलच्या चिपमध्ये हिशोब करणारी बटणं जितकी बारीक, तितकी जास्त मावतात, म्हणून ती शर्यत. ती मेंदूची चिप. मॉस्फेट आणि आयजीबीटी म्हणजे मनगटाच्या चिपा. त्यांना गणित करायचं नाही, ओझं उचलायचं आहे. त्यांत वीज वरून खाली, चिपच्या जाडीतून वाहते. म्हणून इथे कसब वेगळं लागतं: चिप घासून केसाएवढी पातळ करणं, पाठीला धातूचा थर देणं, उष्णता बाहेर काढणं.

याचा अर्थ असा की आपल्या रिक्षाच्या चिपेसाठी जगातला सगळ्यात पुढारलेला कारखाना लागत नाही. भारत चिपांत इतका मागे आहे की काही जमणारच नाही, असं म्हणणारे बहुधा मेंदूच्या चिपेबद्दल बोलत असतात.

## कोरं कापड, छपाई, शिवण

साखळी म्हणजे काय, ते आमच्या भागात समजावणं सोपं आहे. इथे कापूस पिकायचा, शकुंतला रेल्वेने यवतमाळहून मूर्तिजापूरला जायचा, तिथून मुंबई आणि पुढे आगबोटीने मँचेस्टर. कापड होऊन परत यायचं आणि आपणच विकत घ्यायचो. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल चालू केली, तेव्हा साखळीचं एक मोठं कडं कापसाच्या शेजारी आलं. पण गावात जिनिंग आहे म्हणून अंगावर शर्ट येत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

चिपेचंही तसंच. गारेच्या दगडापासून सिलिकॉन काढायचं, ते इतकं शुद्ध करायचं की ९९ नंतर दशांश चिन्हापुढे आणखी सात नऊ यावेत. मग ते वितळवून त्यातून एकसंध स्फटिकाचा दंडगोल ओढायचा, त्याच्या ताटाएवढ्या पातळ चकत्या कापायच्या. या चकतीला वेफर म्हणतात. हे झालं कोरं कापड. जगातलं बहुतेक कोरं कापड पाच कंपन्या विणतात आणि त्यांत आपली एकही नाही.

पुढे फॅब. फॅब म्हणजे या कोऱ्या कापडावर थरावर थर छपाई करणारा कारखाना. एका वेफरवर शेकडो, हजारो चिपा एकदम छापल्या जातात. वर्तमानपत्रात फोटो येतो तो याचा.

मग कापणं आणि शिवणं, म्हणजे पॅकेजिंग. वेफरचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा तांब्याच्या पत्र्यावर डागायचा, ॲल्युमिनियमच्या जाड तारांनी पायांना जोडायचा आणि काळ्या प्लॅस्टिकमध्ये बंद करायचा. मेंदूच्या चिपेत हे काम दुय्यम मानलं तरी चालून जातं, मनगटाच्या चिपेत नाही. कारण डाग नीट बसला नाही, आत बुडबुडा राहिला, तर उष्णता पत्र्यापर्यंत पोचतच नाही. मग छपाई कितीही सुबक असो, चिप मरते. मिस्त्रीच्या टेबलावरच्या त्या मिरीएवढ्या भोकामागे ओव्हरलोड तर होताच, पण असा एखादा बुडबुडा नव्हताच असं सांगता येणार नाही.

आणि शेवटी चाचणी, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. वाहनात बसणाऱ्या सुट्या चिपांसाठी एईसी-क्यू१०१ नावाचं मानक जगभर चालतं. तीन वेगवेगळ्या घाण्यांतले, म्हणजे वेगवेगळ्या वेळी काढलेल्या मालातले, प्रत्येकी ७७ नग घ्यायचे, भट्टीत तापवून पूर्ण व्होल्टेजखाली १००० तास ठेवायचे, म्हणजे जवळपास बेचाळीस दिवस. दुसरे तितकेच नग उणे ५५ पासून अधिक १५० अंशांपर्यंत हजार वेळा थंड-गरम करायचे. एकही मरता कामा नये. एवढ्यावर कंट्रोलरवाला आणि गाडीवाला आपापल्या परीक्षा घेतात. वर्ष-दोन वर्षं त्यात जातात. कारखान्याचं उद्घाटन होऊन दोन वर्षं झाली तरी गाडीत देशी चिप दिसत नाही म्हणून लोक चिडतात. त्यातला काही काळ तरी खरोखर चाचणीचा असतो.

## भांडण हॉलंडात, कुलूप मेक्सिकोत

आता त्या बातमीकडे. नेक्स्पीरिया ही मूळ नेदरलँड्सची कंपनी, मालकी विंगटेक या चिनी कंपनीकडे. ती डायोड, ट्रान्झिस्टर, मॉस्फेट असला स्वस्तातला किराणा माल बनवते. ३० सप्टेंबर २०२५ रोजी डच सरकारने कंपनीच्या कारभारावर आपलं नियंत्रण आणलं. ४ ऑक्टोबरला चीनने उलट डाव टाकला आणि कंपनीच्या चीनमधल्या कारखान्यातून माल बाहेर जाणं बंद केलं. महिना संपण्याआधी होंडाचा मेक्सिकोतला कारखाना थांबला.

खोच इथेच आहे. नेक्स्पीरियाची छपाई युरोपात होते, जर्मनीत हॅम्बुर्गला आणि इंग्लंडमध्ये मँचेस्टरलगतच्या स्टॉकपोर्टला. पण सुमारे ७० टक्के माल शिवायला चीनमध्ये, डोंगुआनला जायचा. फॅब शाबूत, वेफर तयार, पण शिंपी रुसला. काही रुपयांच्या तुकड्यासाठी लाखोंच्या गाड्या कारखान्यात अडकल्या. आमच्या कापसाचं एके काळचं मँचेस्टर आता स्वतःची छपाई शिवायला दुसऱ्याच्या दारात पाठवत होतं, हे वाचून मला क्षणभर गंमत वाटली हे कबूल करतो.

## आपल्याकडे नेमकं कोणतं कडं बनतंय

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांची सेमीकंडक्टर, म्हणजे चिपांची, योजना मंजूर केली. त्यातून जे उभं राहतंय, ते शिवणीच्या भाषेत असं.

गुजरातमध्ये धोलेरा इथे टाटा इलेक्ट्रॉनिक्स तैवानच्या पीएसएमसी या चिप कंपनीसोबत ९१,००० कोटींचा फॅब उभारत आहे, महिन्याला ५०,००० वेफर क्षमतेचा. ही छपाई. यादीत वाहनांसाठीच्या पॉवर मॅनेजमेंट चिपाही आहेत. नाव ऐकून वाटतं की हाच आपला गडी. पण पॉवर मॅनेजमेंट चिप साधारणपणे वीज कोणाला किती द्यायची हे बघणारा मुकादम असते, फावडं मारणारे हात वेगळे. दोघेही लागतात, पण एकाच्या बातमीवर दुसऱ्याचा आनंद मानू नये.

आसाममध्ये जागीरोडला टाटांचाच २७,००० कोटींचा पॅकेजिंग कारखाना, गुजरातेत साणंदला सीजी पॉवर आणि जपानच्या रेनेसासचा ७,६०० कोटींचा. हे दोन्ही शिंपी. साणंदची पायलट लाइन, म्हणजे छोट्या प्रमाणावरची चाचणीची शिवण, ऑगस्ट २०२५ मध्ये सुरूही झाली.

आपल्या रिक्षाच्या सगळ्यात जवळची बातमी मात्र सगळ्यात छोटी होती. १२ ऑगस्ट २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मोहालीच्या सीडीआयएल या कंपनीच्या विस्ताराला मंजुरी दिली. १९६४ पासून सुट्या सेमीकंडक्टरच्या धंद्यात असलेली ही कंपनी मॉस्फेट, आयजीबीटी आणि डायोड बनवणार आहे, वर्षाला सुमारे १५.८ कोटी नग. गुंतवणूक ११७ कोटी. धोलेराच्या आकड्यापुढे ही रक्कम भाजीत मीठ, पण भारतात विकल्या जाणाऱ्या विजेवरच्या गाड्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त दुचाकी आणि तीनचाकी आहेत आणि त्यांना लागतो तो हाच साधा, ४८ ते ७२ व्होल्टच्या बॅटरीसाठीचा सिलिकॉन मॉस्फेट. माझं मत विचाराल तर पहिला जोर इथे द्यायला हवा होता. साध्या गोष्टीचा फोटो चांगला येत नाही, ही अडचण आहे खरी.

## धार लावायचा काळा दगड

त्याच दिवशी ओडिशातल्या भुवनेश्वरच्या एका प्रकल्पालाही मंजुरी मिळाली. सिकसेम कंपनीचा २,०६६ कोटींचा, वर्षाला ६०,००० वेफरचा, सिलिकॉन कार्बाइडचा फॅब.

सिलिकॉन कार्बाइड तुम्ही हातात धरलेलं आहे. विळ्याला धार लावायचा तो काळा खरखरीत दगड, कार्बोरंडम, तो हाच पदार्थ. १८९१ मध्ये अमेरिकेत ॲचेसन नावाचा माणूस कृत्रिम हिरा करायला गेला आणि हाती हे लागलं. चिप म्हणून याची मातब्बरी अशी की साध्या सिलिकॉनच्या सुमारे दहापट विजेचा ताण तो सहन करतो, उष्णता जवळपास तिप्पट वेगाने बाहेर टाकतो आणि दार फार झपाट्याने उघडतो-मिटतो. सिमेंटचा दांड आणि चपळ गडी, दोन्ही एकदम. मुरणं कमी, सांडणं कमी. तीनशे-चारशे व्होल्टच्या मोटारगाड्यांना आणि त्याहून वरच्या व्होल्टेजच्या बसगाड्यांना यामुळे त्याच बॅटरीत जास्त किलोमीटर मिळतात. टेस्लाने मॉडेल ३ मध्ये तो वापरल्यापासून सगळे त्याच्यामागे लागले.

मग धार लावायच्या दगडाची चिप का नाही करत? कारण तो स्फटिक वाढवणं म्हणजे तपश्चर्या आहे. सिलिकॉन १४१४ अंशांना वितळतो, त्यातून दोनेक दिवसांत मीटर-दीड मीटर लांबीचा दंडगोल ओढता येतो. सिलिकॉन कार्बाइड आपल्या नेहमीच्या दाबाखाली वितळतच नाही. २००० अंशांच्या वर तापवलं की कापरासारखी त्याची थेट वाफ होते. ती वाफ वर टांगलेल्या बीजावर थराथराने जमत जाते, तासाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी. आठवडाभर भट्टी पेटती ठेवायची, आत डोकावता येत नाही. शेवटी काही सेंटिमीटर जाडीचा गड्डा निघतो, तोही आतून दोष नसला तर. कापायला पुन्हा हिऱ्याची तार, कारण कठीणपणात तो हिऱ्याच्या बराच जवळ.

म्हणजे इथे खरं धन छपाईपेक्षा कोऱ्या कापडात आहे. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या दिल्लीतल्या प्रयोगशाळेने चार इंची वेफर देशात वाढवून दाखवले आहेत, आणि ते सोपं काम नव्हतं. पण बाजारात सहा इंची वेफर रुळले आहेत आणि आठ इंची येत आहेत. या धंद्यातली अमेरिकेची आघाडीची कंपनी वुल्फस्पीड जून २०२५ च्या अखेरीस दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेली. कर्ज डोईजड, गाड्यांची मागणी अपेक्षेपेक्षा मंद आणि चिनी वेफरनी भाव पाडलेले. आपण या बाजारात उतरतोय हे बरं आहे, पण डोळे उघडे ठेवून.

## “वाळू तं आपल्याकडंच हाय ना?”

हा प्रश्न पानठेल्यावर हमखास येतो. वैनगंगेची वाळू रात्री टिप्परने जातेच आहे, तिची चिप करा म्हणतात. वाळू, गार यांची जगात टंचाई नाही. पैसा मोजला जातो तो शुद्धतेचा आणि ती आणणाऱ्या विजेचा, रसायनांचा, हाताचा. गहू घरी पिकतो म्हणून बिस्किटाचा कारखाना होत नाही.

## “बाहेरून स्वस्त मिळते तर घरी कायले?”

हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला “देशप्रेम” हे उत्तर देऊ नये. देशी मॉस्फेट सुरुवातीला महाग पडेल. चीनमधला कारखाना प्रचंड संख्येने नग काढतो, आपला त्यामानाने थोड्यापासून सुरू होईल. शिवाय सगळी साखळी एका देशात कोणाचीच नाही. छपाईची सर्वांत पुढची यंत्रं नेदरलँड्समधून येतात, कितीतरी रसायनं जपानमधून. आपणही वेफर, वायू, यंत्रं बरीच वर्षं बाहेरूनच आणू.

पण घरी थोडं धान्य ठेवणं आणि बाजारातून काहीच न आणणं यात फरक आहे. एक शिंपी रुसला तर दुसरा दारात असावा, इतकीच अपेक्षा. दुसरं कारण मला जास्त पटतं. आपल्या गाड्यांचं जगणं वेगळं आहे. सत्तेचाळीस अंश, मुरमाची धूळ, दीडपट ओझं. परदेशी कारखाना त्याचा मोठा गिऱ्हाईक जे मागेल त्यासाठी पॅकेज ठरवतो. शिंपी आपला असेल तर माप आपलं घेता येतं.

अडचण गिऱ्हाइकाची आहे. सरकारी अनुदानासाठी कंट्रोलर देशात जुळवावा लागतो, पण त्यातला मॉस्फेट आयात केलेला चालतो. कारखानदार स्वस्त तेच घेणार. त्याने पहिली दोन-तीन वर्षं महाग पण देशी चिप का घ्यावी, याचं उत्तर जोवर कागदावर येत नाही, तोवर कारखाने उभे राहतील आणि माल गोदामात बसेल.

## “चिपेला अर्धे पैसे, कापसाले काय?”

यावर मी गप्प बसणार नाही. केंद्र या प्रकल्पांना खर्चाच्या ५० टक्के देतं, गुजरातसारखं राज्य आणखी सुमारे २० टक्के. शंभर रुपयांच्या कारखान्यात मालकाचे तीसच. त्याच ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं, आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात. २०२५-२६ च्या त्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता, आणि खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावातच येऊन घेतो त्यात, काय हातात पडलं ते विचारू नका. एका धंद्याला “सुरुवातीला आधार लागतोच” म्हणायचं आणि दुसऱ्याला “बाजाराशी स्पर्धा करा” म्हणायचं, हे इथे टोचतं आणि टोचायलाच हवं.

तरीही चिपेचा पैसा बंद केल्याने तो कापसाकडे वळेल, असं मला वाटत नाही. दोन्ही मागण्या वेगवेगळ्या लढाव्या लागतील.

## “मंग विदर्भात काहून नाही?”

२०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प पुण्याजवळच्या तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा राज्यभर आरडाओरड झाली. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली आणि तिथेही काही झालं नाही. तेव्हा गेलेल्या गाडीचं दुःख जरा बेतानेच करावं.

फॅबला रोज लाखो लिटर अतिशुद्ध पाणी लागतं आणि वीज अशी की डोळा लवू नये. डिसेंबर २०१० मध्ये जपानमध्ये तोशिबाच्या योक्काइची कारखान्यात व्होल्टेज ०.०७ सेकंद खाली आलं, तेवढ्याने पुढच्या दोन महिन्यांच्या मालात २० टक्क्यांपर्यंत घट येऊ शकते असं कंपनीला जाहीर करावं लागलं. आमच्याकडे एक ढग आला की फीडर जातो. नागपूरजवळच्या बुटीबोरी, मिहान या औद्योगिक वसाहतींमध्ये परिस्थिती बरी असेल, पण फॅबच्या मागे धावण्यापेक्षा साखळीची खालची कडी, म्हणजे कंट्रोलर जुळवणी, हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी ती ॲल्युमिनियमची पट्टी), चाचणी, इथे आणणं मला जास्त शक्य दिसतं. सौर पंप आणि ई-रिक्षा दोन्हींचं गिऱ्हाईक इथेच उभं आहे.

आणि दुरुस्ती. साखळीच्या चित्रात हे कडं कोणी काढत नाही. मिस्त्रीने नागपूरहून अठरा मॉस्फेट मागवले, चाळीस-पन्नास रुपये नगाप्रमाणे. आलेल्या पाकिटातले काही त्याने बाजूला काढले, कारण त्यांच्या पाठीवरची अक्षरं नखाने खरवडली की जात होती. जुन्या मालावर नवं नाव छापून विकणारे बरेच आहेत. उरलेल्यांतून जुळते नग मीटरने निवडायला त्याला अख्खी दुपार लागली. तालुक्याच्या दुकानात खात्रीचा, पावतीचा मॉस्फेट मिळाला असता तर गाडी एकोणीस दिवस नव्हे, दोन दिवस थांबली असती.

अखेर त्याच संध्याकाळी कंपनीचाही नवा कंट्रोलर आला. मिस्त्रीने तो हातात घेतला, उलटा केला, झाकण उचकटून बघितलं. आत बोर्ड दिसतच नव्हता. ओल आणि धूळ जाऊ नये म्हणून सगळं काळ्या, घट्ट रेझिनमध्ये बुडवलेलं होतं. “हा गेला तं फेकाच लागन,” तो म्हणाला आणि मामेभावाला विचारलं, जुना दुरुस्त केलेला बसवू की हा? मामेभावाने जुना बसवायला सांगितला. नवा त्याने घरी कपाटात, ढेपेच्या बिलांच्या फायलीवर ठेवला आहे.